आरशाला काय विचारता?

गेल्या आठवड्यात नाशिकच्या सिडकोत ताईकडे गेले, तर भाचीच्या कपाटाच्या आरशावर चार टिकल्यांनी चिकटवलेला कागद: ‘मी सर्वश्रेष्ठ आहे. मला कसलीही भीती नाही.’ रोज सकाळी एकवीस वेळा म्हणायचं, असे एकवीस दिवस. आत्मविश्वास वाढवायच्या असल्या युक्त्यांचा तो मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला, तीनदा मी गप्प बसले. पण पोरगी अंबडच्या एका कंपनीतल्या मुलाखतीत अडखळून आली आणि म्हणाली, “मावशी, माझीच श्रद्धा कमी पडली असेल गं.” मग राहवेना.

मेसेजची शेवटची ओळच तशी आहे: ‘फरक पडला नाही, तर समजा तुमची श्रद्धा अपुरी.’ वा! गुण आला तर वैद्य थोर, नाही आला तर रोगी नालायक. आधीच स्वतःला कमी लेखणाऱ्या पोरीच्या डोक्यावर हा आणखी एक धोंडा.

वर ‘विज्ञानाने सिद्ध’ अशी मखलाशी. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच तपासलं, २००९ साली छापलं. ‘मी प्रेम करावं अशी व्यक्ती आहे’ हे वाक्य लोकांना पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दल आधीच बरं मत होतं, त्यांना थोडं बरं वाटलं. ज्यांचं नव्हतं, त्यांना ते वाक्य न म्हणणाऱ्यांपेक्षाही वाईट वाटलं. म्हणजे ज्याला गरज, त्यालाच चटका. असं का होत असावं, ते भाचीने काहीही न वाचता सांगितलं: “भीती नाही म्हटलं की आतून कुणीतरी विचारतं, मग हात का गार पडलेत?”

एकवीस दिवसांचं म्हणाल, तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं होतं की रुग्णांना नव्या चेहऱ्याची सवय व्हायला ‘किमान’ २१ दिवस लागतात. फॉरवर्ड होता होता ‘किमान’ गळालं आणि चेहऱ्याच्या जागी आत्मविश्वास आला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी सवयी मोजल्या, तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले.

मेसेज पुढे सांगतो, दोन मिनिटं कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की हार्मोन बदलतात म्हणे. तो २०१० चा ४२ जणांवरचा प्रयोग. २०१५ मध्ये २०० जणांवर करून पाहिला, हार्मोन जागचे हलले नाहीत. मूळ लेखकांपैकी डाना कार्नी यांनी पुढच्याच वर्षी त्यातून अंग काढून घेतलं. ‘आपण मेंदू दहाच टक्के वापरतो’ या थापेवर शाई घालवत नाही.

एक मात्र कबूल करते, नाइलाजाने. शब्दांनी काहीच होत नाही असं नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये ‘मला हे जमेल’ हा विश्वास येण्याच्या चार वाटा सांगितल्या, त्यात दुसऱ्याने दिलेला धीरही आहे. पण सगळ्यात भक्कम वाट म्हणजे ते काम स्वतः करून जमवणं. आपल्या चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ बघा. विहिरी खोदणारा पोरगा, सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं, तेही पाण्याला घाबरत घाबरत. २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये नौकानयनात तेरावा आला. ती भीती पाण्यात उतरून गेली, कोरड्या खोलीत नव्हे.

आणि हो, ‘शंका घेणाऱ्यांना आयुष्यातून काढून टाका’ असंही त्या मेसेजमध्ये आहे. तसं केलं तर पहिली आमची आई जाईल. सध्या भाची रोज संध्याकाळी मटार सोलणाऱ्या आजीसमोर आपला डिप्लोमाचा प्रोजेक्ट समजावते, आणि आजी शंकेवर शंका काढते. पहिल्या दिवशी नऊ वेळा अडखळली, काल चार. काल ‘टॉलरन्स’, म्हणजे मापात किती फरक चालतो ते, सांगायला आजीच्याच हातातली बांगडी धरली: हातात जाईल इतकी सैल हवी, पण निसटता कामा नये. आजी म्हणाली, “हे कळलं. आता त्या कंपनीवाल्यांना सांगशील तसं इंग्रजीत सांग.”

तिथे पाचव्यांदा अडली.