आधी राहून गेलेल्या माणसाच्या सिगारेटी

घर बघायला गेलो त्या दिवशी सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. नवा पांढरा रंग, लख्ख पुसलेली फरशी, भरपूर उजेड. दोघांनाही घर आवडलं. ताज्या रंगाचा वास येत होता, तो येणारच, म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही. करार झाला, सामान आलं, आणि पंधरा दिवसांनी आम्ही दोन रात्री घर बंद ठेवून बाहेरगावी जाऊन आलो. कुलूप काढून दार ढकललं तर आतून वास अंगावरच आला. शिळा, कडवट, विझलेल्या राखेवर पाणी पडल्यावर येतो तसा. आमच्या घरात कोणीही सिगारेट ओढत नाही.

घरमालकांना फोन केला. ते म्हणाले, "आधीचे भाडेकरू ओढायचे थोडी. पण आता रंग दिलाय की! खिडक्या उघड्या ठेवा, आठ दिवसांत जाईल." आठ दिवस गेले, दोन महिने गेले. खिडक्या उघड्या असल्या की वास नाही, बंद केल्या की पुन्हा आहेच. उन्हानं भिंत तापली की जास्त, हवा दमट झाली की आणखी जास्त.

आता वर्ष होत आलं. या वर्षात जे शिकले ते सविस्तर लिहितेय, कारण तेव्हा मला "खिडक्या उघडा" याच्या पुढचं सांगणारं कोणी भेटलं नाही. आणि हा सल्ला अपुरा आहे हे मी आता ठामपणे सांगू शकते. वास हवेत असता तर हवेबरोबर गेला असता. तो घराला चिकटलेला असतो.

हे मला कळलं ते न्हाणीघरात. गरम पाण्यानं आंघोळ झाली की टाइल्सच्या वर जी रंगवलेली भिंत आहे तिच्यावर बारीक पिवळट-तपकिरी थेंब फुटायचे. आधी टाचणीच्या डोक्याएवढे, मग एकमेकांत मिसळून ओघळ खाली यायचा आणि वाळला की चकचकीत रेघ राहायची. मला वाटलं, वरच्या मजल्यावरून गळती आहे. प्लंबरला बोलावलं. त्यांनी एका थेंबाला बोट लावलं, दोन बोटांत घासून पाहिलं, नाकाशी नेलं आणि म्हणाले, "ताई, हे गळतीचं पाणी नाही. चिकट आहे बघा. सिगारेटचं आहे हे. आधीचे साहेब इथं दार लावून ओढत असणार."

मी पण बोट लावलं. खरंच चिकट होतं, आणि वास तोच. नव्या रंगाच्या आतून, वाफेनं ओलं होऊन ते बाहेर येत होतं.

तंबाखूचा धूर आपल्याला निळसर ढगासारखा दिसतो, पण तो अतिसूक्ष्म कणांचा आणि वायूंचा बनलेला असतो. त्यातले बहुतेक कण एका मायक्रॉनपेक्षाही लहान असतात. त्यात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यातली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. धूर विरला असं आपण म्हणतो तेव्हा तो बसलेला असतो. छतावर बसतो, पडद्यात शिरतो, गादीच्या कापसात आणि सोफ्याच्या फोममध्ये मुरतो, प्लास्टरच्या छिद्रांत जातो. त्यातलं डांबर चिकट असतं, त्यावर धूळ बसते, धुळीवर पुन्हा धूर. असे थरावर थर चढतात. मग ऊब मिळाली, ओल मिळाली की तिथलं निकोटिन आणि इतर वायू थोडे थोडे पुन्हा हवेत येत राहतात. महिनोन्‌महिने.

याला थर्डहँड स्मोक म्हणतात, म्हणजे तिसऱ्या हाताचा धूर. पहिला ओढणाऱ्याचा, दुसरा शेजारी बसलेल्याचा, तिसरा सिगारेट विझल्यावर वस्तूंवर उरलेला. २००९ मध्ये 'पिडियाट्रिक्स' या बालरोगांवरच्या नियतकालिकातल्या एका लेखानंतर हा शब्द चर्चेत आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी दाखवलं की पृष्ठभागावर बसलेलं निकोटिन घरातल्या हवेतल्या नायट्रस आम्लाशी संयोग पावतं आणि त्यातून नायट्रोसमाइन्स तयार होतात. यातली काही कर्करोगकारक आहेत. आणि हे नायट्रस आम्ल घरात येतं कुठून? मुख्यतः गॅसच्या ज्योतीतून. म्हणजे डाग जुना झाला म्हणून निरुपद्रवी झाला, असं होत नाही.

सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांचं २०११ मधलं एक काम तर अगदी आमचीच गोष्ट वाटावी असं आहे. धूम्रपान करणारी कुटुंबं सोडून गेलेल्या घरांत न ओढणारी कुटुंबं राहायला आली. मधल्या काळात घरं साधारण दोन महिने रिकामी होती, त्यांची साफसफाई झाली होती. तरीही धुळीत आणि भिंतींवर निकोटिन सापडलंच. एवढंच नाही, नव्या रहिवाशांच्या बोटांवरही सापडलं.

बोटांवर. हे वाचलं तेव्हा माझी मुलगी आठ महिन्यांची होती आणि नुकतीच रांगायला लागली होती. त्या वयात बाळ काय करतं? फरशीवर हात आपटतं, भिंतीला धरून उभं राहायचा प्रयत्न करतं, पडद्याचं टोक चोखतं आणि पाचही बोटं तोंडात घालतं. आपण मोठी माणसं वासाबद्दल तक्रार करतो, पण घरातल्या धुळीशी सगळ्यात जास्त संबंध येतो तो तिचा. त्या दिवसापासून माझ्यासाठी हा वासाचा प्रश्न राहिलाच नाही.

आधी आम्ही सोप्या वाटेनं जाऊन पाहिलं, तेही सांगते. सुगंधी फवारे मारले. दोन वासांची खिचडी झाली, बाकी काही नाही. शिवाय या फवाऱ्यांतली काही सुगंधी द्रव्यं हवेतल्या ओझोनशी मिसळून फॉर्माल्डिहाइड हा विषारी वायू तयार करतात, म्हणजे एक घाण झाकायला दुसरी आणायची. मग एअर प्युरिफायर घेतला. त्यातला हेपा फिल्टर कण पकडतो, उत्तम पकडतो. पण वास कणांचा कमी आणि वायूंचा जास्त असतो, त्यासाठी सक्रिय कोळशाचा जाड थर लागतो, आणि तो कोळसाही भरला की काम थांबवतो. प्युरिफायर वाईट नाही. पण भिंत वास सोडतच राहणार असेल तर तो बिचारा किती ओढणार?

एकानं ओझोनचं मशीन रात्रभर लावून देतो म्हणून सांगितलं, सकाळी वास गायब. याला मी नाही म्हटलं आणि तुम्हीही म्हणा, असं कळकळीनं सांगते. वास मारण्याइतका ओझोन फुप्फुसांना घातक असतो. शिवाय तो भिंतीवरच्या निकोटिनशी संयोग पावून फॉर्माल्डिहाइड आणि आणखी बारीक कण तयार करतो. नाकाला काही कळेनासं होतं आणि घर मात्र आधीपेक्षा वाईट झालेलं असू शकतं.

शेवटी उपाय एकच उरला, धुणं. मुलीला तिच्या आजीकडे ठेवलं आणि आम्ही दोघांनी एकेक खोली घेतली.

सुरुवात छतापासून, कारण गरम धूर वर जातो आणि सगळ्यात जाड थर तिथंच असतो. पंख्याची पाती खालून पांढरी दिसत होती. वरच्या बाजूला हात फिरवला तर बोटं रुतावीत असा मऊ, तपकिरी, तेलकट लगदा. पंखा फिरवला की तोच वास आम्ही खोलीभर वाटत होतो! दिव्यांवरही तसाच पातळ थर असतो, दिवा तापला की वास सुटतो. स्विचबोर्ड, दारांच्या वरच्या कडा, खिडक्यांच्या जाळ्या, पडद्यांचे रॉड, एसीच्या जाळ्या. जिथं रंगाऱ्याचा ब्रश आणि रोजचं फडकं जात नाही तिथं जा, तिथं हमखास सापडेल. (स्विचबोर्ड पुसताना मेन स्विच बंद. एसीच्या आतल्या कॉइल मात्र जाणकाराकडूनच धुऊन घ्या.)

भिंतींना आम्ही कोमट पाणी आणि भांड्यांचा लिक्विड साबण वापरला, कारण डांबर तेलकट असतं. भिंत खालून वर धुवायची. वरून सुरू केलं तर घाण पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर उतरतात आणि ते डाग मग हटत नाहीत. साबणानंतर साध्या पाण्याचा हात, आणि शेवटी पाण्यात मिसळलेल्या पांढऱ्या व्हिनेगरचा. व्हिनेगर का? निकोटिन आम्लारीधर्मी आहे, आम्ल लागलं की त्याचा क्षार बनतो. हा क्षार हवेत उडत नाही, पाण्यात विरघळतो आणि फडक्याबरोबर निघून येतो. फक्त व्हिनेगर आणि ब्लीच कधीही, चुकूनही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. ब्लीच आणि अमोनिया हेही तसंच, विषारी.

पहिल्या बादलीचं पाणी पाच मिनिटांत गंजक्या पाइपातून यावं तसं झालं. एका खोलीला अकरा बादल्या लागल्या, मी मोजल्या. पाण्याचा रंग उतरेपर्यंत थांबायचं नाही, एवढाच नियम ठेवला.

मग रंग. इथं घरमालकांची चूक झाली होती, आणि बहुतेकांची होते. न धुता, नुसता पाण्यातला रंग मारला की खालचं पिवळं त्या ओल्या रंगात विरघळून वर येतं. वास आणि डाग अडवणारा प्रायमर आधी द्यावा लागतो. लाखेपासून बनवलेला, स्पिरिटमधला प्रायमर यात सगळ्यात चांगला, कारण लाखेचा थर वायूंनाही बऱ्यापैकी अडवतो. त्याचा स्वतःचा वास उग्र असतो आणि तो पेट घेतो, तेव्हा वारा खेळता हवा आणि आसपास ज्योत नको. मात्र धुतल्याशिवाय प्रायमर नाही. घाण तिथंच ठेवून वर झाकण लावलं तर कधीतरी तडा जाणारच.

कापडाच्या बाबतीत मी कठोर झाले. घराबरोबर मिळालेले जाड पडदे दोनदा धुतले, तिसऱ्यांदा वास घेतला आणि टाकून दिले. गालिच्यावर खाण्याचा सोडा रात्रभर पसरून सकाळी व्हॅक्युम केला, फरक पडला, पुरेसा नाही. सोफ्याच्या फोममध्ये मुरलेला धूर धुऊन निघत नाही, हे मान्य करायला मला महिना लागला. तोही टाकून दिला.

घरमालकांबद्दल राग आहे का? आहे. गळती लपवून घर भाड्यानं दिलं तर आपण त्याला फसवणूक म्हणतो. वर्षानुवर्षांचा धूर एका हाताच्या रंगाखाली लपवला तर त्याला "थोडीशी वासाची तक्रार" का म्हणायचं? घर देताना सांगा की इथं धूम्रपान होत होतं. घेणाऱ्यानंही तोंडावर विचारावं, आणि बघायला जाताना एकदा बंद खिडक्यांचं घर बघावं. कपाटं उघडून आत नाक घालावं. पांढरं ओलं फडकं दाराच्या वरच्या कडेवरून फिरवावं. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि आधीचे भाडेकरू? त्यांना मी कधी पाहिलं नाही. स्वतःच्या न्हाणीघरात, दार बंद करून ओढत होते, बहुधा घरातल्या कोणाला त्रास नको म्हणूनच. त्यांच्या मनातही आलं नसेल की आपण गेल्यावर इथं एक बाळ रांगेल. बंद दार, उघडी खिडकी, एक्झॉस्ट पंखा, या सगळ्यावरचा विश्वास खोटा आहे. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्यप्रमुखाच्या, २००६ च्या अहवालात तर स्पष्ट म्हटलंय की दुसऱ्याच्या धुराची सुरक्षित अशी पातळीच नाही, आणि वायुवीजनानं तो पूर्ण घालवता येत नाही. ओढायची असेल तर घराबाहेर. पूर्ण बाहेर.

हे सगळ्यात अवघड वाक्य मला परक्याला नाही, दादाला सांगावं लागलं. तो भाचीला बघायला आला, जेवण झाल्यावर सवयीनं गॅलरीत गेला आणि पाकीट काढलं. मी म्हटलं, "दादा, गॅलरीतही नको रे. खाली जा."

त्याला लागलं. "गॅलरीत तर उभा आहे. इतका परका झालो का मी?"

मी त्याला आतल्या खोलीत नेलं. तिथं भिंतीतलं एक लाकडी कपाट आहे, सगळं घर धुऊन झालं तरी त्याचा वास अजून जात नाही, कारण आतून लाकडाला पॉलिशच नाही. दार उघडलं आणि म्हटलं, वास घे. त्यानं डोकं आत घातलं, दोनदा श्वास घेतला. म्हणाला, "मला तर काहीच येत नाही."

तो खोटं बोलत नव्हता. वीस वर्षं ओढतोय, त्याच्या नाकाला हा वास कळेनासाच झालाय. मी काही न बोलता मुलीचं पांढरं लंगोट ओलं केलं, कपाटाच्या फळीवरून एकदा फिरवलं आणि त्याच्या हातात दिलं. तो बराच वेळ त्या पिवळ्या पट्ट्याकडे बघत उभा राहिला. मग खाली गेला.

आता येतो तेव्हा पिशवीत एक शर्ट जास्तीचा असतो. आला की हात धुतो, शर्ट बदलतो, मगच तिला उचलतो. मी असं करायला सांगितलं नव्हतं.

कपाट अजून रिकामंच आहे. येत्या रविवारी आतून पॉलिशपेपर मारून लाखेचे दोन हात द्यायचे ठरवलंय, त्यासाठी दादाच येणार आहे. तिचे कपडे त्यात ठेवण्याजोगं झालं की इथंच कळवते.