खापर फोडायला दुसरं कुणी उरत नाही

संगणक मध्येच अडकला की बोल लावायला माणसाकडे एरवी भरपूर जागा असते. विंडोज आहे, परवाचं अपडेट आहे, ग्राफिक्सचा ड्रायव्हर आहे, यातलं कुणीच सापडलं नाही तर इंटरनेट आहेच. हा हक्क केवढा मोठा होता ते तो गेल्यावर कळतं. आणि तो जायला एक मिनिट पुरतं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यात, शिरायचं, मल्टिप्लायरच्या रकान्यात ४९ आहेत तिथे ५१ करायचे आणि ते जपून ठेवायला एफ-१० दाबायचं. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात: प्रोसेसरला कंपनीने ठरवल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणं. त्या क्षणापासून ब्राउझरची एखादी टॅब दोन सेकंद गप्प बसली तरी पहिला संशयित मी. दुसरा संशयितही मीच, कारण रॅमच्या टायमिंगलाही हात माझाच लागलेला असतो.

आधी या उद्योगातून मिळतं काय, त्याचा हिशेब. सीपीयूचा, म्हणजे प्रोसेसरचा, वेग म्हणजे बेस क्लॉक गुणिले मल्टिप्लायर. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झ, म्हणून ४९ म्हणजे ४.९ गिगाहर्ट्झ आणि ५१ म्हणजे ५.१. वाढ चार टक्क्यांची. एक तासाचं व्हिडिओ एन्कोडिंग, सगळं जमून आलं तर, ५७ मिनिटं ३९ सेकंदांत उरकणार. वाचली २ मिनिटं २१ सेकंद. हा वेग टिकतो का ते बघायला रात्रभर, म्हणजे आठ तास, चाचणी लावायची. ते आठ तास वसूल करायला तसलं एन्कोडिंग दोनशेहून जास्त वेळा करावं लागेल. आणि चाचणी एका रात्रीत संपत नाही, हे अजून सांगितलेलंच नाही.

पूर्वी या धंद्यात बरकत होती. १९९८ च्या इंटेलच्या सेलेरॉन ३००ए ला बसचा, म्हणजे तेव्हाच्या बेस क्लॉकचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की साडेचारच्या त्याच मल्टिप्लायरवर ३०० चे सरळ ४५० व्हायचे. दीडपट! पुढे एएमडीच्या ड्युरॉन आणि अ‍ॅथलॉनच्या अंगावरचे एल-१ नावाचे बारीक तुटके पूल लोक शिसपेन्सिलीने जोडून घ्यायचे, की मल्टिप्लायर मोकळा. आजचा प्रोसेसर उष्णता आणि वीज परवडेल तिथवर स्वतःच चढतो. म्हणजे ओव्हरक्लॉकिंग कंपनीनेच करून ठेवलेलं असतं, आणि आपण तळाशी राहिलेलं खरवडत बसतो. तेही परवानगी असेल तर. इंटेलच्या नावाच्या शेवटी ‘के’ हवा आणि मदरबोर्डावर झेड मालिकेचा चिपसेट. एएमडीचे रायझन बहुतेक मोकळे, पण बोर्ड बी किंवा एक्स मालिकेचा लागतो, ए मालिकेच्या बोर्डावर जमत नाही. आणि रायझन ५८००एक्स३डी तर मल्टिप्लायरला हातच लावू देत नाही.

आता व्होल्टेज. वेग वाढवला की तेवढ्याच व्होल्टेजमध्ये ट्रान्झिस्टरला वेळेत बदलायला जमत नाही, म्हणून व्होल्टेज वाढवायचं. इथे एक सूत्र आडवं येतं: उष्णता वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२५ चे १.३५ व्होल्ट करून वर ती चार टक्क्यांची गती घेतली तर वीज आणि उष्णता २१ टक्क्यांनी वाढते. चारला एकवीस. हा भाव ऐकून शहाणा माणूस इथेच मशीन बंद करून झोपायला जातो. आपण मोठा कूलर शोधायला लागतो.

बरं, १.३० व्होल्ट लिहिले म्हणजे १.३० मिळतात असंही नाही. भार पडला की व्होल्टेज खाली बसतं, १.३० चे १.२४ होतात. याला व्ही-ड्रूप म्हणतात आणि ते मुद्दाम ठेवलेलं असतं. ते कमी करायला लोड लाइन कॅलिब्रेशन नावाची सोय आहे, तिला १ ते ८ अशा पातळ्या असतात. गंमत अशी की एका बोर्डात १ म्हणजे सगळ्यात सैल आणि दुसऱ्या बोर्डात १ म्हणजे सगळ्यात कडक. दुसऱ्याचे आकडे डोळे झाकून उतरवून घेणाऱ्यांची पहिली फजिती इथे होते. सगळ्यात कडक पातळी घेतली तर व्होल्टेज भाराखाली हलत नाही हे खरं, पण भार अचानक उतरला की ते क्षणभर वर उसळतं, आणि ती उसळी बायोसच्या किंवा विंडोजच्या आकड्यात दिसत नाही. मधली पातळी घ्यावी. मधलं काही घेणं हा ओव्हरक्लॉकरचा स्वभाव नसतो, पण घ्यावी.

पद्धत सांगायला सोपी आहे. आधी रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिला खोक्यावरच्या वाढीव वेगाने चालवणारं तयार सेटिंग, बंद करायचं, म्हणजे एका वेळी एकच गुन्हेगार. मग १०० मेगाहर्ट्झची एक पायरी, चाचणी, पडलं तर ०.०१ ते ०.०२ व्होल्टची भर, पुन्हा चाचणी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहून ठेवायची. कागदावर. त्याच संगणकावरच्या फायलीत लिहिणाऱ्यांना दंडवत.

चाचणीचं नाव काढलं की प्राइम९५. मर्सेन मूळसंख्या (दोनाच्या घातातून एक वजा केल्यावर मिळणाऱ्या) शोधायला १९९६ मध्ये सुरू झालेल्या जिम्प्स प्रकल्पाचं हे सॉफ्टवेअर. त्या शोधात एक बिट चुकला तर लांबलचक हिशेब पाण्यात, म्हणून ते आपलंच गणित सतत पडताळत बसतं. चुका काढण्यात मुरलेला असा माणूस कामाला ठेवावा, तसं आपण त्याला वापरतो. त्यात ‘स्मॉल एफएफटी’ ही चाचणी निवडली की प्रोसेसरचे गाभे (कोअर) आणि त्याची आतली मेमरी, म्हणजे कॅश, भट्टीसारखे तापतात, ‘ब्लेंड’ निवडली की रॅमही त्यात ओढली जाते. पहिली दहा मिनिटं डोळा तापमानावर. शंभर अंशांच्या आसपास प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि काही रायझनमध्ये ही मर्यादा ९० किंवा ९५ आहे. तिथे पोहोचलात तर स्थिरतेची नाही, कूलरचीच परीक्षा चालली आहे. कूलरच्या तळाची पारदर्शक पट्टी काढली होती का, हे त्या वेळी आठवून बघावं. राहते ती.

मग वाट बघणं. पडद्यावर दर गाभ्याला एक अशा आठ खिडक्या, प्रत्येकीत तेच ते ‘सेल्फ-टेस्ट पास्ड’. तिसाव्या मिनिटाला माणूस निवांत होतो, चाळिसाव्याला मनातल्या मनात ५२ चा विचार करतो. सत्तेचाळिसाव्या मिनिटाला पंख्याचा आवाज किंचित, अगदी किंचित उतरतो. टास्क मॅनेजरमध्ये सात चौकोन भरलेले आणि पाचवा एकदम सपाट. त्या खिडकीत ओळ आलेली असते: फेटल एरर, राउंडिंग ०.५ आलं, ०.४ पेक्षा कमी अपेक्षित होतं. विंडोज कोसळल्याचा निळा पडदा नाही, आवाज नाही, काही नाही. बाकीचे सात कामगार शेजाऱ्याचं काय झालं याची दखल न घेता गणितं करताहेत. माझ्या मते हा या छंदातला सगळ्यात प्रामाणिक क्षण आहे. एरवी हीच चूक एखाद्या फोटोच्या कोपऱ्यात जाऊन बसली असती आणि कळलीही नसती.

निळा पडदा आलाच तर त्यावरचा मजकूर फोटो काढून ठेवावा. व्हीआ अनकरेक्टेबल एरर, म्हणजे हार्डवेअरची दुरुस्त न झालेली चूक, तो प्रसिद्ध १२४ चा कोड, बहुतेक वेळा सीपीयूला व्होल्टेज कमी पडल्याचं लक्षण. क्लॉक वॉचडॉग टाइमआउट म्हणजे एक गाभा हाकेला ओ देईनासा झाला. मेमरी मॅनेजमेंट आलं की रॅमकडे बोट. हे ज्योतिषापेक्षा थोडं बरं, एवढाच त्याचा भरवसा. विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, कर्नल-पॉवर ४१ सापडल्यावर काही जण हरखून जातात. त्याचा अर्थ फक्त ‘संगणक नीट बंद न होता बंद झाला’ इतकाच. पंचनाम्यात ‘इसम मृतावस्थेत आढळला’ लिहावं तसं. त्यापेक्षा तिथेच व्हीआ-लॉगर १९ शोधा. ती दुरुस्त झालेली चूक असते. मशीन बाहेरून ठणठणीत, पण आतून दर तासाला कुठेतरी ठिगळ लागतंय. असं ठिगळ दिसलं की ओव्हरक्लॉक अजून कच्चा आहे.

रात्रभर प्राइम९५ चाललं, सकाळी आनंदाने बंद केलं, माउस हलवला आणि मशीन कोसळलं, हा प्रकारही नेहमीचा. अनेकांना हा अन्याय वाटतो. पण पूर्ण भारात गाभे थोडे खालच्या वेगाने चालतात. सगळ्यात वरचा वेग लागतो तो एकट्या गाभ्याला, हलक्या कामात. रायझनच्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये, म्हणजे गाभ्यांचं व्होल्टेज कमी करायच्या सोयीत, उणे ३० टाकून बसलेल्यांना हे हमखास भोवतं. तिथला एक अंक म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट, उणे ३० म्हणजे जवळपास ९० ते १५० मिलिव्होल्ट काढून घेतले. सगळ्यात चांगला गाभा सगळ्यात वर चढतो, म्हणून कपातही त्यालाच सगळ्यात कमी सोसते. हुशाराला जास्त लागतं, हे यंत्रातही खरं. प्रत्येक गाभा वेगळा तपासायला कोअरसायकलर नावाचा प्रोग्राम वापरावा आणि ज्याचं जमत नाही त्याला उणे १० वर आणून ठेवावं.

रॅमचं दुःख वेगळं आहे. एक्सएमपी किंवा त्याचा एएमडीचा भाऊ एक्सपो लावणं हेही ओव्हरक्लॉकिंगच, हे कितीतरी जणांना मान्य नसतं, कारण ‘खोक्यावर तसं लिहिलंय’. डीडीआर-४ च्या ३२०० लिहिलेल्या पट्ट्या एक्सएमपीविना २१३३ किंवा तत्सम वेगाने, १.२ व्होल्टवर उठतात. ३२०० साठी सहसा १.३५ लागतात, आणि प्रोसेसरच्या आतल्या मेमरी कंट्रोलरला ते पेलायला हवं. दोन पट्ट्यांवर चाललं म्हणून चारांवर चालेल असं धरू नये. रॅमची चाचणी पेनड्राइव्हवरच्या मेमटेस्ट८६ ने, विंडोज सुरू करण्याआधी करावी. चुकीच्या रॅमवर विंडोज चालू ठेवलं तर ते चुकीचाच मजकूर डिस्कवर नेटाने लिहीत राहतं. मग सेटिंग मागे घेतलं तरी दुखणं उरतं, आणि विंडोजची एसएफसी स्कॅननाऊ ही आज्ञा चालवून फायलींची डागडुजी करावी लागते. आणि डीडीआर-५ बदलल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहिला तर बटण दाबू नका. ते मेमरी ट्रेनिंग आहे, बोर्ड त्या रॅमशी जुळवून घेतोय. बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला, पंखे फिरताहेत, पडदा काळा, आणि आपण ताटकळलेले. चौथ्या मिनिटाला धीर सुटून बटण दाबणाऱ्याला पहिल्यापासून सगळं पुन्हा.

मशीन खरंच मेलं असेल तर सीमॉस, म्हणजे बायोसची सेटिंग ठेवणारी मेमरी, पुसायचं. वीज काढायची आणि बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक काही सेकंद टेकवायचं, नाहीतर सीआर-२०३२ या बॅटरीची चकती काढून पाच-दहा मिनिटं थांबायचं. ही चकती ग्राफिक्स कार्डाच्या बरोबर खाली असते. त्या कार्डाची खिट्टी कार्डाच्याच खाली असते.

सगळ्यात लबाड दोष मात्र मशीन पाडतच नाही. रायझनला व्होल्टेज कमी पडलं की तो दाखवतो पूर्ण वेग, पण आतून क्लॉक ताणून धरतो, म्हणजे खरा वेग उतरवतो. एचडब्ल्यूइन्फो नावाच्या प्रोग्राममध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ बघावा, तिथे बिंग फुटतं. ग्राफिक्स कार्डाची मेमरी जास्त ताणली तर चुकलेला डेटा ती परत मागवते. मशीन चालू, वेगाचे आकडे वाढलेले, गेमच्या फ्रेम कमी. म्हणून प्रत्येक पायरीला बेंचमार्कचा आकडाही त्या कागदावर लिहावा. वेग वाढून आकडा उतरला तर तुम्ही उलट्या दिशेने चालला आहात.

आणि हे सगळं पार पडल्यावर, तीन आठवड्यांनी, एखादा गेम एकाच ठिकाणी दोनदा बंद पडतो. मग शेवटचा उपाय, सगळ्यात अपमानाचा: लोड ऑप्टिमाइज्ड डिफॉल्ट्स. सगळं कारखान्यातून आलं तसं. एक्सएमपीसुद्धा बंद. तोच गेम, तीच जागा. श्वास रोखून पुढे जायचं. आणि तो पुन्हा, नेमका तिथेच, बंद पडतो.

या वेळचा आनंद ५१ दिसल्याच्या आनंदापेक्षा मोठा असतो. खुर्ची मागे सरकवून मी त्या गेमच्या, त्याच्या ड्रायव्हरच्या आणि त्याच्या शेवटच्या अपडेटच्या नावाने मनसोक्त बोटं मोडून घेतो. मग तो कागद काढतो आणि तळाशी तारीख घालून लिहितो: ‘डिफॉल्टवरही पडला.’ खाली दोन रेघा ओढतो.