ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची गोळी, आणि तीही रोज?

‘ड जीवनसत्त्वाची 60,000 युनिटची गोळी रोज घ्या, उन्हातून मिळणारेच जीवनसत्त्व ते, जास्त झाले तर लघवीवाटे निघून जाते, कर्करोग, हृदयविकार, हाड मोडणे सगळे टळते, रक्त तपासायची गरज नाही,’ असा संदेश सध्या जोरात फिरतो आहे. माझ्या आत्याने त्याबरहुकूम गोळ्या आणूनही ठेवल्या, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

यातले सर्वांत घातक वाक्य लघवीचे. तसे निघून जाते ते क आणि ब गटातील बहुतेक जीवनसत्त्वे, कारण ती पाण्यात विरघळतात. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळते व तिथेच साठते, त्यामुळे गोळ्या बंद केल्यावरही त्याचा अतिरेक कित्येक आठवडे ओसरत नाही. आतड्यातून कॅल्शियम शोषले जावे हे त्याचे मुख्य काम. ते प्रमाणाबाहेर झाले की रक्तातले कॅल्शियम वाढते आणि तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, बुद्धीचा गोंधळ येथपासून मूत्रपिंड निकामी होण्यापर्यंत मजल जाऊ शकते. उतारवयात यातली निम्मी लक्षणे ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून खपून जातात, हे आणखी वाईट. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2011 मध्ये प्रौढांसाठी रोजची कमाल मर्यादा 4,000 युनिट ठरवली. संदेशातली मात्रा तिच्या पंधरापट आहे. डॉक्टर 60,000 ची गोळी देतात, पण साधारणतः आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच. त्या आठवड्याचे ‘रोज’ कोणी केले, देव जाणे.

कर्करोग आणि हृदयविकाराचे म्हणाल, तर ‘व्हायटल’ या चाचणीत 25,871 जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षांहून अधिक काळ रोज 2,000 युनिट देण्यात आले. दोन्ही आजारांचे प्रमाण घटले नाही, आणि 2022 मधल्या विश्लेषणानुसार हाडे मोडणेही कमी झाले नाही. त्यातल्या बहुतेकांना मुळात कमतरताच नव्हती, हा आक्षेप रास्त आहे. खरी कमतरता असेल तर हाडे मऊ पडतात आणि तेव्हा गोळी हवीच, हेही नाइलाजाने मान्य. पण कमतरता आहे की नाही, हे रक्त न तपासता कळणार कसे?

उन्हाचा दाखला तर उलटाच पडतो. त्वचेत जादा तयार झालेले घटक ऊन स्वतःच मोडून टाकते. गिळलेल्या गोळीला असा अटकाव नाही. शिवाय रक्तदाबासाठी थायाझाइड गटातील औषध घेणाऱ्यांच्या लघवीतून कॅल्शियम आधीच कमी बाहेर पडते, आणि त्यांच्याविषयी संदेशात अवाक्षर नाही.