खुलासा : ती रेकॉर्ड १९७१ची मूळ प्रत नाही

जळगाव-भुसावळच्या ग्रुपवर माझ्या संग्रहातल्या ‘टागो मागो’ या रेकॉर्डचा फोटो फिरतोय. सोबत मजकूर : ‘जर्मन बँड कॅनची १९७१ची मूळ रेकॉर्ड, किंमत लाखांत.’

हे खरं नाही. अल्बम १९७१चाच, पण माझी प्रत नंतरची, रीमास्टर केलेली. कव्हरच्या मागे बारकोड आहे; १९७१मध्ये रेकॉर्डवर बारकोड छापतच नव्हते. शिवाय मूळ प्रत युनायटेड आर्टिस्ट्स या रेकॉर्ड कंपनीची, हिच्यावर स्पून या दुसऱ्या कंपनीचं लेबल आहे.

रीमास्टर म्हणजे गाणी पुन्हा वाजवलेली नाहीत. जुन्याच ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्याने सावरलेला असतो. कॅनमधल्या याकी लीबेत्साइटचे ड्रम त्यात फार सुरेख उमटतात, मला ती प्रत जिवापाड आवडते.

पण धुळ्याहून खरेदीसाठी फोन येऊ लागलेत. कुणाचे पैसे बुडायला नकोत. तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. जिथे दिसेल तिथे हा खुलासा टाका.