एक खंड्या, बेचाळीस फोटो आणि वर लोकेशन

बेचाळीस फोटो. एकाच तिबोटी खंड्याचे, एकाच फांदीवर, चोचीत एकच सापसुरळी. काल रात्री आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर धाडधाड येऊन पडले आणि खाली मजकूर, "अजिबात त्रास न देता, लांबूनच टिपलंय. निसर्गाची किमया!"

लांबूनच म्हणे.

साहेबांनी क्वालिटी जाऊ नये म्हणून सगळे डॉक्युमेंट करून पाठवले होते. फोटो साधा पाठवला की व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या पोटातली माहिती काढून टाकतं. डॉक्युमेंट केला की सगळं जसंच्या तसं जातं: वेळ, लेन्स, शटर, आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांशही. पहिला फोटो सकाळी ८:१२चा, शेवटचा ८:५०चा. अडतीस मिनिटं तीच सापसुरळी, शेपटी तशीच डावीकडे वळलेली. पहिल्या फोटोत वळवळत असावी, कारण शेपटीचं टोक हललेलं दिसतं. शेवटच्यात ती पार लोंबतेय.

खंड्या सापसुरळी धरून पोज देत बसत नाही हो! बिळात पिल्लं आहेत, त्यांच्यासाठी आणलेला घास आहे तो. बिळासमोर माणूस उभा आहे म्हणून तो आत जात नाही. फांदीवर बसतो, मान वरखाली करतो, या फांदीवरून त्या फांदीवर जातो, परत येतो. तुम्हाला वाटतं, काय सुंदर बसलाय. तो तुमच्या जाण्याची वाट बघतोय. आणि हा पक्षी केवढा, तर जेमतेम १३ सेंटिमीटर. क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ४०० एमएमच्या लेन्सने, फोटो न कापता, त्याने अर्धी फ्रेम भरली म्हणजे काढणारा पाच-सहा मीटरवर होता. गणित आहे हे, माझा पूर्वग्रह नाही. (पूर्वग्रह आहेच, पण तो वेगळा.)

जूनच्या पहिल्या पावसाबरोबर हे जोडपं कोकणात येतं, ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ खोदतं. अंडी उबवायला साधारण १७ दिवस आणि पिल्लं उडायला त्यापुढे २०. एवढ्याच दिवसांत सगळं उरकायचं, तेही धो धो पावसात. त्यातली अडतीस मिनिटं एकट्या या गृहस्थांनी खाल्ली. त्यांच्या शेजारी आणखी कोण कोण उभं होतं देव जाणे.

आणि एवढ्यावर थांबतील तर शपथ! बेचाळीस फोटोंच्या शेपटाला लोकेशनची पिन. "इच्छुकांनी लाभ घ्यावा." सत्यनारायणाचा तीर्थप्रसाद आहे का तो? आता येत्या रविवारी तिथे पाच-सहा गाड्या लागणार. पहिला येणार तो बिळासमोरची पानं छाटणार, कारण फ्रेममध्ये मध्ये येतात. त्या पानांमुळेच बीळ शिक्र्याला, कावळ्याला दिसत नव्हतं. दुसरा एक छानशी शेवाळलेली काटकी आणून रोवणार, पक्षी त्यावरच बसावा म्हणून. तिसरा मोबाइलवर याच पक्ष्याचा आवाज वाजवणार. नर आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला म्हणून पिल्लांचं भरवणं सोडून त्या न दिसणाऱ्या शत्रूमागे धावणार, आणि याला 'अ‍ॅक्शन शॉट' मिळणार. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना, घरट्यांना त्रास देणं बसतं. रायगडचा जिल्हा पक्षी म्हणून फलकावर मिरवायचा आणि पावसाळ्यात त्याच्या दाराशी तिवई लावायची.

खाली प्रतिसाद काय? "अप्रतिम सर." "कोणता कॅमेरा?" आणि "लोकेशन प्लीज", म्हणजे वर सरकवून बघायचेही कष्ट नकोत.

मी तिथे अंतर, वेळ, कायदा असा लांबलचक खुलासा लिहिला. त्याला एक अंगठा आला. तो ज्या काकांचा आहे ते सगळ्यालाच अंगठा देतात, निधनवार्तेलाही. तेव्हा माझं प्रबोधन कुठवर पोचलं ते कळलंच. ग्रुप सोडता येतो, हेही माहीत आहे. पण मग बेचाळीसच्या बेचाळीस फोटो मोठे करकरून शेपटी कुठे वळलीय ते कोण बघणार?

बरं, निघालंच आहे तर रंगाचंही बोलून घेऊ. या पक्ष्याला देवाने आधीच पिवळा, केशरी, जांभळा असं सढळ हाताने दिलंय. त्यावर सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, अजून +४० कशाला? फोटोतला पिवळा म्हणजे लाल आणि हिरवा चॅनेल मिळून. दोन्ही २५५ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन टेकले की पोटावरच्या पिसांचा पोत संपला, राहिला तो प्लॅस्टिकचा ठिपका. पाठीवरची जांभळी झाक निळीभोर होते ती वेगळीच. काढतानाच एक्सपोजर -०.७ ठेवा, म्हणजे फोटो जरा गडद, नंतर फार तर व्हायब्रन्स (फिक्या रंगांनाच जास्त उठाव देणारं) +१०, आणि हात आवरा. साधा पाठवणार असाल तर लांब बाजू स्वतः १६०० पिक्सेल करा, मग धार द्या (शार्पन करा), एसआरजीबी या स्क्रीनच्या नेहमीच्या रंगपद्धतीत सेव्ह करा. व्हॉट्सअ‍ॅप साध्या दर्जाला तेवढाच करतं, फक्त ते धार देत नाही. आणि एक फोटो. फार तर तीन. निवडणं हे काढणाऱ्याचं काम आहे, ते आमच्या गळ्यात मारू नका. चीनमधला सोनेरी फेझंट "सह्याद्रीत दिसलेला दुर्मीळ पक्षी" म्हणून ढकलणाऱ्यांबद्दल मी आज बोलणार नाही, रक्तदाब वाढतो.

हेच महाभाग नवरात्र-दिवाळीत पक्षी सोडून नाचांकडे वळतात. लावणीच्या कार्यक्रमात पंधराव्या रांगेतून फोनचा फ्लॅश! तो तीन-चार मीटर जातो. त्यात पुढच्या रांगेतल्या आजोबांचं टक्कल लख्ख येतं, बाई अंधारातच. फोटोभर आडवे काळे पट्टे येतात त्याचं खापर फोनवर. अहो, आपली वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. १/६४० सेकंदाच्या शटरने काढाल तर पट्टे येणारच. १/१०० किंवा १/५० ठेवा आणि गिरकी संपून पाऊल टेकतं त्या थबकण्यावर बोट दाबा. लाल झोतात लाल नऊवारीचा फोटो काढूच नका, काठपदर सगळं एकच लाल भिजकं होतं. झोत बदलतोच, पांढरा येईपर्यंत थांबा.

खरा संताप डहाणू-जव्हारकडच्या तारपा नाचाचा. तारपा म्हणजे फुंकून वाजवायचं लांब वाद्य. हातात हात गुंफून वारली बाया-पुरुष तो वाजवणाऱ्याभोवती फिरतात. वाजवणारा वळला की वळतात, त्याच्याकडे कुणी पाठ करत नाही. आणि आमचे हे वीर वाइड लेन्स घेऊन थेट रिंगणात शिरतात आणि त्याच्याकडेच पाठ करून उभे राहतात. वर "जरा थांबा, परत एकदा करा." मग खाली ओळ काय, तर 'आदिवासी संस्कृतीचा एक क्षण'. पाडा कुठला, तारपा कोण वाजवतंय, नाच कशासाठी होता, काही नाही. कॅमेऱ्याचा आयएसओचा आकडा मात्र लिहिलेला. ज्या पक्ष्याचा पत्ता लपवायचा त्याची पिन, आणि ज्यांचं गावासकट नाव द्यायचं ती माणसं निनावी.

विचारून काढा, नाव विचारून लिहा, आणि फोटो त्यांना पाठवा. पाड्यावर कुणाकडे तरी फोन असतोच, नंबर घ्या. त्यांना पाठवायचे ते निवडलेले तीन फोटो मात्र डॉक्युमेंट करून पाठवा, कारण ६ बाय ८ इंची चांगल्या प्रिंटला १८०० बाय २४०० पिक्सेल लागतात आणि साध्या पाठवलेल्यात ते उरत नाहीत. आणि कोपऱ्यात ते तुमचं सोनेरी, वळणदार, तारप्याहून मोठं 'फोटोग्राफी' नको. भिंतीवर त्यांना स्वतःचा फोटो लावायचाय, तुमची पाटी नाही.