माळावर खड्डे खणण्याआधी

वन्यजीव म्हटलं की आमच्या कारंजा भागातले लोक मेळघाट नाहीतर ताडोब्याचं नाव घेतात. गावाला लागून असलेल्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या, माळाकडे कोणी बघत नाही. उन्हाळ्यात तिथं मुरूम उघडा पडतो, कुसळी वाळून पिवळी होते. "काहीच नाही इथं, झाडं लावून टाका," असं चार लोक सहज बोलून जातात. मला याचा राग येतो.

या माळावर पखुर्ड्या राहतात. कबुतराएवढा, मातीच्या रंगाचा पक्षी, पायाखाली येईस्तोवर दिसत नाही. खाणं कोरडं बी, त्यामुळे पाणी रोजच लागतं. ऊन चढू लागलं की थवे नाल्यातल्या डबक्यावर उतरतात, घाईनं पाणी पितात आणि उडून जातात. एखादा नर मात्र मागे राहतो. पोट पाण्यात टेकवून, अंग हलवत, पिसं पुरती भिजेपर्यंत बसतो आणि मग थेट पिल्लांकडे जातो. पिल्लं त्याच्या पोटाशी घुसून ओल्या पिसांतलं पाणी पितात.

मीड-वाल्डो या इंग्रज पक्षीपालकानं १८९६ मध्ये हे लिहिलं, तेव्हा बऱ्याच जाणकारांना ते पटलं नाही. १९६७ मध्ये केड आणि मॅक्लीन या अभ्यासकांनी आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या पखुर्ड्यांवर ते सिद्ध केलं. नराच्या पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू कोरडे असताना गुंडाळलेले असतात, भिजले की उलगडतात आणि पाणी धरून ठेवतात. तीच जात-बिरादरी आपल्या पऱ्हाटीच्या वावराशेजारी नांदतेय, आणि आपण त्या जागेला रिकामी समजतो.

पखुर्डीची अंडी उघड्या जमिनीवर असतात. टिटवी, चंडोल, धाविक यांचंही तसंच. बहुतेकांचा विणीचा काळ उन्हाळ्यात येतो, आणि वृक्षारोपणाचे खड्डेही एप्रिल-मेमध्येच खणले जातात. जेसीबीवाल्याला अंडी कुठून दिसणार? २०१९ मध्ये राज्यानं ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट ठेवलं होतं. एवढा मोठा आकडा गाठायचा म्हटलं की मोकळा माळच आधी नजरेत भरतो. तिथं ग्लिरिसिडियाचं झाड वाढलं, सावली धरली, की गवत हटतं. गवत गेलं की काळवीट, खोकड आणि पावसाळ्यात गवतातून उंच उड्या मारणारा तणमोर पक्षी यांना जागा उरत नाही. तणमोर तर आज जगातून नाहीसा व्हायच्या बेतात आहे. वाशीम-अकोल्याकडे फासेपारधी बांधवांनी त्याच्यासाठी माळ राखलेत, त्यांना हे कोणी शिकवावं लागलं नाही.

झाडांना माझा विरोध नाही. धुऱ्यावर, नाल्याकाठी, शाळेच्या आवारात लिंब, बाभूळ, बोर खुशाल लावा.

ई-क्लासवर खड्डे खणायचा ठराव ग्रामसभेत आला, तर आधी एक सकाळ ढोरक्याला सोबत घेऊन माळ लांबून न्याहाळा. काय दिसलं ते ठरावात लिहायला लावा. आमच्या गावात मी तसा अर्ज देतोय, ज्यांना सही करायची त्यांनी कळवा.