पॉलिसीत पोराचं नाव नाही म्हणून क्लेम जात नाही, खोटं बोललात तर जातो

तो मेसेज परत फिरायला लागलाय, मला याच आठवड्यात तिघांनी पाठवला आणि तिघांच्याही घरात नुकतंच पोराला किंवा पोरीला लायसन्स मिळालंय. मेसेजात म्हटलंय की मुलगा वडिलांची गाडी चालवत असेल तर पॉलिसीत त्याचं नाव घाला नाहीतर एक रुपया मिळणार नाही, 25 च्या आतल्या ड्रायव्हरला प्रीमियम दुप्पट लागतो, लर्निंगवाल्याला इन्शुरन्स लागूच होत नाही, आणि म्हणून काही झालंच तर सरळ सांगा की गाडी वडील चालवत होते. मी 14 वर्षं गाड्यांचे इन्शुरन्स करून देतोय आणि त्यातलं शेवटचं वाक्य वाचून मला खरंच राग येतो, कारण त्यापायी एका घराचं नुकसान झालेलं मी बघितलंय.

आधी नावाचं बघू. आपल्याकडे पॉलिसी गाडीची असते. तुमच्या पॉलिसीचं सर्टिफिकेट काढा आणि त्यात गाडी कोण चालवू शकतो ते लिहिलेलं असतं ते वाचा: मालक धरून कोणीही, फक्त अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू लायसन्स हवं आणि त्याला गाडी चालवायला बंदी केलेली नसावी. मुलगा, सून, भाचा, शेजारी, कोणीही. मालकाने गाडी दिलेली असली म्हणजे झालं. लायसन्स काल मिळालं की दहा वर्षांपूर्वी याने काही फरक पडत नाही. इंग्लंडमध्ये कोण कोण गाडी चालवणार त्यांची नावं पॉलिसीत द्यावी लागतात आणि कोवळ्या पोराचं नाव घातलं की प्रीमियम भरपूर वाढतो, मेसेज लिहिणाऱ्याने बहुतेक तिकडचा व्हिडिओ बघून इकडे चिकटवलंय.

नावापेक्षा लायसन्सवर काय लिहिलंय ते बघा ना. पोराकडे स्कूटरचं लायसन्स असतं आणि घरचे म्हणतात लायसन्स आहे की, पण कार्डावर एलएमव्ही, म्हणजे कारसारख्या हलक्या गाडीचा शेरा, नसेल तर कारसाठी ते नसल्यातच जमा. अशा वेळी समोरच्या माणसाची भरपाई कंपनीला आधी द्यायला लावून नंतर ती मालकाकडून वसूल करायची मुभा कोर्ट देतं, म्हणजे शेवटी ती वडिलांच्याच खिशातून जाते आणि आपल्या गाडीचा खर्च तर मिळतच नाही. आणि 18 पूर्ण नसताना गाडी हातात दिली तर 2019 पासून कायद्यात पालकाला किंवा मालकाला 25,000 दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद आहे.

प्रीमियम दुप्पट हेही चूक. थर्ड पार्टीचा, म्हणजे समोरच्याच्या भरपाईच्या भागाचा, दर सरकार ठरवतं आणि तो इंजिनच्या सीसीवर असतो. जून 2022 ला लागू झालेले दर बघा, 1000 सीसीपर्यंतच्या कारला 2,094, त्यावर 1500 पर्यंत 3,416, आणि पुढे 7,897. त्यात वयाचा रकानाच नाही. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, भाग कंपन्या आपापल्या हिशोबाने लावतात, पण घरातल्या पोराला लायसन्स मिळालं म्हणून चालू पॉलिसीचा प्रीमियम कोणी वाढवत नाही. महाग पडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पोराने पार्किंगमध्ये खांबाला गाडी घासली आणि तुम्ही चार-पाच हजारासाठी क्लेम टाकला की पाच वर्षं क्लेम न करता जमवलेला 50 टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे ओन डॅमेजच्या प्रीमियमवरची सूट, पुढच्या रिन्यूअलला शून्यावर येतो. म्हणून असलं किरकोळ काम खिशातून करा असं मी सगळ्यांना सांगतो.

लर्निंगवर पण कव्हर असतं, अटी पाळल्या तर. शेजारच्या सीटवर पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि पुढे-मागे पांढऱ्यावर लाल एल हवा. एकट्याने गाडी काढली तर मात्र गेलं.

आता ते शेवटचं. माझ्या ओळखीचं एक घर, मुलाचं पक्कं लायसन्स येऊन 11 दिवस झालेले, वळणावर गाडी डिव्हायडरवर गेली. कपाळाला चार टाके पडले बाकी पोरगा बरा होता. वडिलांनी तोच सल्ला ऐकून क्लेम फॉर्मवर ड्रायव्हर म्हणून स्वतःचं नाव टाकलं. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरने गाडी बघितली तर ड्रायव्हरची सीट पार मागे सरकवलेली, पोरगा सहा फूट आणि वडील माझ्याएवढे, म्हणजे त्या सीटवरून त्यांचा पाय क्लचला पोचला नसता. मग दवाखान्याचा कागद मागवला, त्यात पोराने स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं होतं की मी गाडी चालवत होतो. खोटी माहिती दिली म्हणून क्लेम नाकारला. दीड लाखाचं काम होतं आणि खरं नाव लिहिलं असतं तर सरळ मिळालं असतं, पोराचं लायसन्स चालू, एलएमव्ही, सगळं व्यवस्थित होतं हो. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेतला, आणि वडील मला म्हणाले की पोराला वाचवायला गेलो. कशापासून वाचवायचं होतं?

मेसेजात जे खरंच सांगायला पाहिजे होतं ते मात्र कुठेच नाही. मालकाचा 15 लाखांचा पर्सनल अपघात कव्हर असतो तो फक्त मालकाचा, तोही मालकाकडे लायसन्स असेल तर. गाडी आईच्या नावावर आणि मुलगा चालवताना स्वतःच्या चुकीने गेला तर त्यातून काही येत नाही, आणि थर्ड पार्टीतूनही नाही. 2009 साली सुप्रीम कोर्टात अशीच केस होती, एकाने दुसऱ्याची मोटरसायकल मागून घेतली आणि बैलगाडीला धडकून वारला. कोर्ट म्हणालं की गाडी मागून घेणारा मालकाच्याच जागी येतो, तो थर्ड पार्टी होत नाही. म्हणून रिन्यूअलला एजंटला सांगून गाडीत बसणाऱ्यांचा आणि चालवणाऱ्याचा अपघात कव्हर जोडून घ्या, आणि पोराच्या नावाने वेगळी अपघात पॉलिसी काढा. सरल सुरक्षा बीमा नावाची एकसारख्या अटींची पॉलिसी 2021 पासून आहे, अडीच लाखांपासून 1 कोटीपर्यंत, 18 पूर्ण झालेल्याला मिळते. लायसन्स हातात आलं त्याच आठवड्यात काढा.